‘गेट’चे अर्थ पाठ करू नका

इंग्रजी शिकू पाहणाऱ्या, शिकता शिकता अर्ध्यावर सोडून दिलेल्या आणि घरी मुलांचा अभ्यास घेताना अडखळणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. शब्दकोश उघडून ‘गेट’ या क्रियापदापुढची अर्थांची यादी वहीत उतरवून काढायचं काम आजपासून थांबवा. हा गेट म्हणजे सोसायटीचं फाटक नव्हे. जी, ई, टी या तीन अक्षरांचा, आखूड उच्चाराचा आणि भूतकाळात ‘गॉट’ होणारा हा गेट. मिळणे, मिळवणे, आणणे, होणे, पोचणे, समजणे, करवून घेणे... अशी ती यादी लांबत जाते. माणूस ती दोन दिवस घोकतो. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला ‘डोन्ट गेट मी राँग’ म्हणतं आणि घोकलेल्यापैकी एकही अर्थ तिथे नीट बसत नाही. ‘गैरसमज करून घेऊ नका’ एवढंच समोरच्याला म्हणायचं असतं. पण ऐकणारा मनाशी ठरवून टाकतो, की इंग्रजी काही आपल्या नशिबात नाही. किती हुशार माणसं या एका समजुतीपायी गप्प बसली आहेत! हे मला फार लागतं, म्हणून हा लेख.

अर्थांची अशी गर्दी फक्त ‘गेट’चीच आहे असं नाही. इंग्रजीत जी क्रियापदं सर्वांत लहान आणि रोजची, त्यांचेच अर्थ सर्वांत जास्त. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश 1884 पासून भागाभागाने छापला जाऊ लागला आणि 1928 मध्ये पुरा झाला. त्याच्या 1989 च्या वीस खंडी दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे नव्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदी तपासायला घेतल्या, तेव्हा ‘रन’ या क्रियापदाचे 645 अर्थ वेगळे काढले गेले. लंडनच्या एखाद्या भाजीवाल्याला त्यातले चाळीससुद्धा सांगता येणार नाहीत. तरी तो दिवसभर ‘रन’ बिनचूक वापरतो, कारण त्याच्या डोक्यात यादी नाही, वाक्यं आहेत.

आपलं तरी काय वेगळं आहे? ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, झोप लागते. आमटी खारट लागते. नोकरी लागते, निकाल लागतो, लग्न लागतं. फोन लागत नाही. पोहोचायला दोन तास लागतात. कुणाला घाटात गाडी लागते. अमुक माणूस आपला मामा लागतो, मूल रडू लागतं आणि शेवटी आपल्याला उठावंच लागतं. मोल्सवर्थने 1831 मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला, त्यातही हे सगळं मांडायला त्याला बरीच जागा खर्चावी लागली. पण आपल्यापैकी कुणाला आईने ‘लागणे’चे अर्थ पाठ करायला लावले होते? ‘ठेच’ आली की पुढचं ‘लागली’ आपोआप जिभेवर येतं. म्हणजे एका शब्दावर डझनावारी अर्थ वागवणारं डोकं तुमच्याकडे आधीपासून आहे. इंग्रजीसाठी वेगळं आणायचं नाही.

आता कामाचं सांगतो. मराठी माणसासाठी ‘गेट’ची किल्ली ‘मला’ या शब्दात आहे.

दिवसभरात आपण किती वाक्यं ‘मला’ने सुरू करतो ते एकदा लक्ष देऊन ऐका. मला पत्र आलं. मला राग आला. मला सर्दी झाली. मला बढती मिळाली. मला ते कळलं. या सगळ्यात आपण काही केलेलं नाही. काहीतरी आपल्याकडे आलं, आपल्याला झालं. मराठी अशा वेळी माणसाला बाजूला बसवते आणि राग, सर्दी, पत्र यांना वाक्याचा कर्ता करते. इंग्रजीला माणूस पुढे लागतो. ‘मला’चा ‘आय’ होतो आणि मग येणे, होणे, मिळणे, कळणे या सगळ्यांची कामं बहुतेक वेळा एकटा ‘गेट’ उचलतो. आय गॉट अ लेटर. आय गॉट अँग्री. आय गॉट अ कोल्ड. आय गॉट अ प्रमोशन. आय गॉट इट. मराठीतली चार क्रियापदं, इंग्रजीत एक.

हे एकदा मनात बसलं की निम्मी भीती जाते. कारण मग प्रश्न ‘गेटचे अर्थ किती’ असा राहत नाही. ‘मला काय आलं, काय झालं, काय मिळालं’ एवढंच विचारायचं असतं आणि त्याचं उत्तर तुम्हाला माहीत असतं. ‘माझं लग्न झालं’ या वाक्याचं शब्दाला शब्द लावून ‘माय मॅरेज इज डन’ असं करणारे पुष्कळ भेटतात. ‘आय गॉट मॅरिड’ म्हणा. कुणाशी ते सांगताना मात्र ‘विथ’ लावू नका. ‘शी’ या मराठी प्रत्ययामुळे ‘विथ’ तोंडात येतो, पण इंग्रजीत तिथे ‘टू’ बसतो.

एक सावधगिरी. ‘मला उशीर झाला’ याचं ‘आय गॉट लेट’ आपल्याकडे सर्रास चालतं. इंग्लंड-अमेरिकेतला माणूस तिथे ‘आय अ‍ॅम लेट’ किंवा ‘आय गॉट डिलेड’ म्हणेल. मात्र ‘उशीर व्हायला लागलाय, निघू या’ या अर्थी ‘इट्स गेटिंग लेट’ अगदी बरोबर आहे. उशीर झालेला माणूस ‘गेट’ला चालत नाही, वेळ चालते. असे बारकावे वापरातून बसतात, त्यांची धास्ती घेऊ नका.

दुसरी गोष्ट, ‘गेट’च्या पुढे कोण उभं आहे ते बघायचं. तो स्वतः अगदी हलका शब्द आहे, वजन शेजाऱ्याकडून घेतो. पुढे वस्तू आली तर मिळणं किंवा आणणं: ‘गेट सम मिल्क’ म्हणजे जाऊन दूध घेऊन ये. पुढे गुण सांगणारा शब्द आला तर होणं: गेट वेट, गेट रेडी, गेट टायर्ड. पुढे ठिकाण आलं तर पोचणं: ‘आय गॉट होम अ‍ॅट नाइन’, मी नऊला घरी पोचलो. बेल वाजल्यावर कुणी ‘कॅन यू गेट द डोअर?’ म्हणालं तर दार विकत आणायचं नसतं, उघडायचं असतं. फोनचंही तसंच. इथे अर्थ अडला तरी प्रसंग समोर असतो आणि प्रसंग सगळं सांगतो.

जिथे आपण सर्वांत जास्त घसरतो ती जागा वेगळीच आहे आणि तिथे थोडं थांबायला हवं. आपण म्हणतो, ‘मी आज केस कापले.’ कापले न्हाव्याने. आपण म्हणतो, ‘दिवाळीआधी घराला रंग दिला.’ दिला रंगाऱ्याने. मराठीत हे चालतं, कारण ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की ही कामं आपण स्वतः करत नाही. तेच वाक्य इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ झालं की ऐकणारा तुमच्या डोक्याकडे काळजीने बघतो. स्वतःच कात्री चालवली, असा त्याचा अर्थ होतो. तिथे म्हणायचं, ‘आय गॉट माय हेअर कट’. रंगाचं, ‘वी गॉट द हाउस पेंटेड’. आणि ब्लाउज शिंप्याकडून आणला असेल तर ‘आय गॉट द ब्लाउज स्टिच्ड’.

या शेवटच्या वाक्याकडे नीट बघा. ‘मी ब्लाउज शिवला’ आणि ‘मी ब्लाउज शिवून घेतला’ यांत फरक करणारा जो ‘घेतला’ आहे, तोच हा ‘गॉट’. कापून घेणं, दुरुस्त करून घेणं, तपासून घेणं, झेरॉक्स काढून घेणं... मराठीतलं हे ‘घेणं’ ज्याच्या तोंडात आहे त्याला ही रचना शिकवावी लागत नाही, फक्त दाखवावी लागते. क्रम तेवढा सांभाळायचा: आधी गेट, मग वस्तू, मग झालेलं काम. गेट द फॉर्म साइन्ड, गेट द टीव्ही रिपेअर्ड, गेट द रिपोर्ट चेक्ड. सरकारी कचेरी, दवाखाना, बँक, मोबाइलचं दुकान, सगळीकडे हीच तीन घरं भरायची.

काम माणसाकडून करवायचं असेल आणि त्या माणसाचं नाव घ्यायचं असेल तर मध्ये ‘टू’ येतो. ‘आय गॉट हिम टू साइन’, मी त्याला सही करायला लावली. यात थोडी खटपट, थोडी मनधरणी अध्याहृत आहे. ‘आय मेड हिम साइन’ म्हटलं तर जबरदस्तीचा वास येतो. साहेबांची सही तुम्ही विनंती करून मिळवली असेल, तर ‘मेड’ म्हणून स्वतःला दांडगाई चिकटवून घेऊ नका.

‘टू’वरून आणखी एक. गेल्या वर्षी मला रायगड बघायला मिळाला, हे सांगायचं तर ‘आय गॉट टू सी रायगड’. मराठीतलं ‘बघायला मिळालं’ जसंच्या तसं. मिळणंही तेच आणि त्यातला आनंदही. पण फोनवर कुणी घाईघाईने ‘आय गॉट टू गो’ म्हणालं तर त्याला जायला मिळालेलं नाही, त्याला जावंच लागणार आहे. मूळ वाक्य ‘आय हॅव गॉट टू गो’. बोलताना ‘हॅव’ गळून पडतो. सिनेमांत ऐकू येणारं ‘गॉटा’ तेच. ‘हॅव गॉट’चा दुसरा, साधा वापर म्हणजे जवळ असणं: ‘आय हॅव गॉट टू सिस्टर्स’, मला दोन बहिणी आहेत. इथेही ‘मला’ आहेच!

आता ते लहान शब्द: अप, ऑन, ऑफ, ओव्हर, बाय, थ्रू. ‘गेट’ला ते चिकटले की नवी क्रियापदं होतात आणि पुस्तकं त्यांची पानंच्या पानं देतात. सगळी एकदम घेऊ नका. ज्यांची रोज गरज पडते ती मोजकी आहेत. पगारात कसंबसं भागतं ते ‘गेट बाय’. शेजाऱ्यांशी पटतं ते ‘गेट अलाँग’. फोन लागला, परीक्षा पार पडली, तिथे ‘गेट थ्रू’. मुद्दा समोरच्याच्या गळी उतरवणं म्हणजे ‘गेट अक्रॉस’. आजारातून उठणं, दुःखातून सावरणं हे ‘गेट ओव्हर’. मात्र ज्याच्या घरी नुकतंच कुणी गेलं आहे त्याला ‘यू विल गेट ओव्हर इट’ म्हणू नये. त्यात धीर कमी आणि घाई जास्त ऐकू येते. ‘आय अ‍ॅम सो सॉरी’ पुरे. हा सल्ला व्याकरणाचा नाही, पण परदेशी सहकाऱ्यांबरोबर काम करणाऱ्या आपल्या तरुणांनी तो ध्यानात ठेवावा असं मनापासून वाटतं.

मुंबईच्या लोकलमध्ये आपण ‘आय विल गेट डाउन अ‍ॅट दादर’ म्हणतो. ‘उतरणे’ आपल्या डोक्यात खाली जाणं आहे, म्हणून ‘डाउन’. भारतभर हे समजतं आणि इथे बोलताना त्यात काही बिघडत नाही. बाहेरदेशी मात्र ‘गेट ऑफ’ म्हणा. एक सोपी खूण सांगतो. ज्या वाहनात उभं राहून चार पावलं चालता येतं, म्हणजे बस, आगगाडी, जहाज, विमान, त्यात ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. ज्यात वाकून शिरावं लागतं, म्हणजे मोटार, टॅक्सी, रिक्षा, त्यात ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. घोडा आणि सायकल यांच्यावर बसायचं असतं, तेव्हा तिथेही ‘ऑन’. ‘गेट आउट’ म्हणजे हाकलून देणं एवढंच आपल्याला शाळेत कळलेलं असतं, त्यामुळे टॅक्सीवाल्याने ‘यू कॅन गेट आउट हिअर’ म्हटलं की काहींना अपमान वाटतो. तो बिचारा ‘इथे उतरा’ म्हणतोय.

‘गेट’ कुठे टाळायचा तेही सांगायला हवं. नोकरीचा अर्ज, वकिलाचं पत्र, शोधनिबंध, तक्रारीचा अर्ज यांत तो घरगुती दिसतो. पदवी मिळाली, पत्र पोचलं तिथे ‘रिसीव्ह्ड’. परवानगी मिळवली तिथे ‘ऑब्टेन्ड’. परिस्थिती बिघडली तिथे ‘बिकेम’. विलायतेतल्या शाळांतही जुने मास्तर निबंधात फार ‘गेट’ आले तर नाराज व्हायचे. पण आपल्याकडे रोग उलटा आहे. आपण पुस्तकातून इंग्रजी शिकलो, त्यामुळे भारी शब्द आधी आले आणि हलके राहून गेले. दुकानात ‘आय वॉन्ट टू पर्चेस’, घरात ‘आय रीच्ड माय रेसिडेन्स’. चूक नाही, पण ऐकणाऱ्याला परकेपणा वाटतो. लिहिताना भारी शब्द असू द्या, बोलताना हलका घ्या.

हलक्या शब्दांची ताकद एका माणसाने मुद्दाम दाखवून दिली होती. केंब्रिजच्या सी. के. ऑग्डन यांनी 1930 मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ नावाची योजना मांडली. जगातल्या कुणालाही कामापुरतं इंग्रजी यावं म्हणून त्यांनी निवडून फक्त 850 शब्द ठेवले आणि त्यांत क्रियापदं अवघी 18. कम, गो, गिव्ह, टेक, पुट, मेक यांच्यासोबत त्या अठरांत ‘गेट’ आहे. बाकी हजारो क्रियापदांचं काम या अठरांना ‘अप’, ‘ऑफ’, ‘थ्रू’सारखे शब्द जोडून भागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. जगाने ती योजना काही पुरती उचलली नाही. मोजके शब्द आले तरी त्यांच्या जोड्या आणि त्या जोड्यांचे अर्थ शिकावेच लागतात, ही तिची अडचण होती. तरीसुद्धा दुसऱ्या भाषेतून येणाऱ्याने आधी कुठे हात घालावा, हे ऑग्डनने बरोबर ओळखलं होतं असं माझं मत आहे.

शब्दकोशाबद्दल एक सुचवतो. इंग्रजी-मराठी कोश घरात असूच द्या, पण ‘गेट’सारख्या शब्दांसाठी त्याच्यावर विसंबू नका. त्याच्याकडे प्रतिशब्द असतात आणि प्रतिशब्द इथे कामाचे नाहीत. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते. जपानी विद्यार्थ्यांच्या अडचणी डोळ्यांनी बघून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक वेगळा कोश तयार केला. तो टोकियोत 1942 मध्ये निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने छापला. आज ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ म्हणून जगभर मिळतो तो हाच. परक्या भाषेतून आलेल्या माणसासाठी तो लिहिलेला आहे. कोणत्या क्रियापदापुढे काय येतं, हे त्यात आवर्जून दाखवलेलं असतं आणि उदाहरणाला वाक्यं असतात. अर्थ वाचू नका, वाक्यं वाचा. त्यातलं एक आपल्या घरातल्या गोष्टीवर बेतून म्हणा. ‘गॉट द रूफ रिपेअर्ड’ असेल तर तुमच्या गळक्या पत्र्यावर म्हणा.

जमेल त्यांनी आठवडाभर एवढंच करावं: रात्री झोपण्याआधी दिवसातली चार ‘मला’ची वाक्यं आठवावी आणि ती ‘आय गॉट’ने सुरू करून मोठ्याने म्हणावी. पगार मिळाला, ‘आय गॉट पेड’. पावसात भिजलो, ‘आय गॉट वेट’. पाय मुरगळला, गॅस मिळाला, नातवाचा फोन आला. अडखळलात तर कोशातली वाक्यं बघा. लिहिण्याआधी तोंडाने म्हणणं महत्त्वाचं, कारण हा बोलण्याचा शब्द आहे. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांना नातवंडांच्या तोंडून ‘गॉटन’ ऐकू येईल. ते चुकत नाहीत. ‘ही हॅज गॉटन टॉल’ हे अमेरिकी वळण आहे, इंग्लंडात तिथे ‘गॉट’ म्हणतात. आपल्या नातवाला दुरुस्त करायला जाऊ नका.

शिक्षकांना वेगळं विनवायचं आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. आज गावोगावची मुलं दहा-दहा वर्षं इंग्रजी शिकून शाळेतून बाहेर पडतात. त्यांना ‘फोटोसिंथेसिस’चं स्पेलिंग येतं आणि ‘मला थंडी वाजतेय’ हे इंग्रजीत सांगता येत नाही. हे बघून जीव तुटतो. दहा नव्या शब्दांचा गृहपाठ आठवड्यातून एक दिवस बाजूला ठेवा. त्या दिवशी एकच क्रियापद घ्या आणि मुलांनाच विचारा: आज कोण भिजलं, कुणाला लागलं, कुणी केस कापून घेतले, कुणाला मामाकडे जायला मिळालं? वर्गातून मराठीत उत्तरं येतील. तीच फळ्यावर ‘गॉट’ने लिहून काढा. मुलांना ती वाक्यं आपली वाटतील, कारण ती त्यांचीच असतील. आणि पेपर तपासताना ‘शी बिकेम टायर्ड’ऐवजी कुणी ‘शी गॉट टायर्ड’ लिहिलं असेल, तर पुस्तकात नाही म्हणून त्याचा अर्धा गुण कापू नका. वाक्य बरोबर आहे, गुण पुरा द्या.